गंज उतरलेला आवाज

१६ फेब्रुवारी १९३७, मंगळवार

विनीने आज दोन वस्तू आणल्या. एक पाटी आणि ही वही. पाटी लोकांशी बोलायला, वही स्वतःशी बोलायला. परवा ऑपरेशन आहे, आणि त्यानंतर सहा आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही, असं डॉक्टर एकडालनी बजावलंय.

विनी म्हणाली, "सत्तावीस वर्षांच्या संसारात तू सहा मिनिटं गप्प बसलेला मला आठवत नाही. कुठेतरी ओतायला जागा हवी, नाहीतर फुटशील."

झालं ते असं. गेल्या सोमवारी सेटवर होतो. काउबॉयचं चित्र, मी त्यात हॉटेलवाला. एका म्हाताऱ्या विधवेला ठणकावून सांगायचं, "खोली नाही म्हणजे नाही!" तोंड उघडलं तर नुसती हवा आली. कॅमेरावाले हसले, त्यांना वाटलं मी काही नवीन सोंग काढलं. मीही हसलो. मग खोकला आला आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. रुमाल घडी करून खिशात घातला. विनीला तो धुण्यात सापडलाच.

घशात, आवाजाच्या तारेवर, वाटाण्याएवढी गाठ आहे. काढतील आणि तपासायला पाठवतील. कसली गाठ हे डॉक्टर बोलले नाहीत, मी विचारलं नाही, विनीनेही विचारलं नाही. घरातल्या जमिनीला भोक पडावं आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालून चालावं, तसे आम्ही त्या एका शब्दाला वळसा घालून चाललोय.

१७ फेब्रुवारी

उद्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर निदान माझी हकिगत कुठेतरी असावी.

मी ऑर्विल डॅगेट, वय सत्तावन्न, जन्म नेब्रास्कातल्या एका गावात, जिथे माणसांपेक्षा डुकरं जास्त होती. वाटोळा चेहरा, बटबटीत डोळे, हनुवटी शोधावी लागते. बोलपटांत आठ वर्षं आहे. हॉटेलवाले, तिकीटवाले, दारूच्या गुत्त्यावरचे, झोपाळू न्यायाधीश, चोर शेजारून गेला तरी न कळणारे पहारेकरी. नायिका मरायला टेकली की प्रेक्षकांना जरा मोकळं करायला मला आत सोडतात. मी येतो, चार वाक्यं बोलतो, लोक हसतात, मी जातो.

हसतात ते माझ्या आवाजाला. गंजलेल्या बिजागरीचा आवाज म्हणतात त्याला. मूकपट होते तेव्हा मी फक्त पाण्यात पडायचो. बोलपट आले आणि चाचणीला उभं केलं तेव्हा मी नुसतं माझं नाव सांगितलं, तर यंत्रामागचा माणूस खुर्चीवरून पडायचा राहिला. त्या दिवसापासून आजवर एक आठवडा घरी बसलो नाही.

खरं तर हा आवाज माझा जन्माचा नव्हे. तंबू नाटक कंपनीत मी गाणारा होतो. विनी त्याच कंपनीत पियानो वाजवायची. लग्न झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये तंबूवर कोसळणाऱ्या गारांच्या वर आवाज चढवत महिनाभर ओरडत राहिलो. आवाज बसला तो बसलाच. मालकाने मला गाण्यातून काढून विनोदी भूमिकेत घातलं. नशीबच म्हणायचं. त्या गोड गळ्यावर किती दिवस पोट भरलं असतं?

विनी बॅग भरतेय. माझे चार पायजमे भरले. चार! किती दिवस ठेवणार आहेत मला?

२० फेब्रुवारी

जिवंत आहे. घशात कोणी निखारा ठेवलाय असं वाटतं. पाटीवर लिहिलं, "बर्फ." नर्सने बर्फ आणला. पुन्हा लिहिलं, "व्हिस्की." ती हसली आणि गेली.

तपासणीचा निकाल गुरुवारी.

२२ फेब्रुवारी

घरी. काही लिहिण्यासारखं नाही. विनी दिवसभर स्वयंपाकघराचे कप्पे रिकामे करून पुन्हा भरतेय. मी खुर्चीत बसून फोनकडे बघतो. वाजला तरी मी काय बोलणार?

२५ फेब्रुवारी, गुरुवार

साधी गाठ.

दोन्ही शब्द मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलेत. डॉक्टरांनी कागद पुढे धरला, मला एक अक्षर वाचता येईना, पाणी आलं होतं डोळ्यांत. विनीने वाचला. दोनदा वाचला. मग पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुम्हाला पेपरमिंट हवंय का?" त्यांनी घेतलं. मीही घेतलं. आम्ही तिघं पेपरमिंट चघळत बसलो.

परत येताना ती ट्राममध्ये एका अनोळखी बाईला म्हणाली, "माझा नवरा बरा आहे." बाईने माझ्याकडे निरखून पाहिलं, तिचं मत काही तसं दिसलं नाही.

७ मार्च, रविवार

फेलिक्स ब्रॅनिगन रोस्ट खायला आला. तो दर रविवारी येतो. एकटाच असतो, खानावळीत राहतो. उंच, वाळलेला, चेहरा सदा सुतकी, त्यामुळे पडद्यावर बटलर नाहीतर शवपेट्या विकणारा. पण प्रत्यक्षात इतका वात्रट माणूस या गावात दुसरा नाही. नकला अशा करतो की ज्याची करावी त्याने स्वतःला चिमटा काढून बघावा.

आज जेवण झाल्यावर त्याने सरळ फोन उचलला आणि माझ्या आवाजात माझ्या एजंटला, सिड लपिनला, झापायला सुरुवात केली. "सिड, मी इथे मरतोय आणि तू साधी फुलंसुद्धा पाठवत नाहीस?" तिकडून सिड ओरडला, "ऑर्विल! तुला बोलायला बंदी आहे, ठेव फोन!" विनी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मला हसायलाही बंदी. पोट धरून हादरत बसलो.

फेलिक्स गेल्यावर मात्र मनात आलं ते लिहून टाकतो. माझा आवाज त्या माणसाच्या तोंडून इतका सहज येतो. मी मेलो असतो तर स्टुडिओला एक फोन पुरला असता.

१९ मार्च

सिडचा निरोप. काउबॉयच्या चित्रातले माझे तीन प्रसंग बाकी आहेत, एप्रिलपर्यंत थांबतील, पुढे नाही. पाटीवर लिहिलं, "एक तारखेला गर्जना करीन." विनीने वाचलं, पुसलं आणि म्हणाली, "गर्जना नको. नुसतं 'विनी' म्हण, बास."

१ एप्रिल, गुरुवार

सकाळी नऊ वाजता डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, "सावकाश. काहीही बोला." मी म्हणालो, "विनी."

मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. वाटलं खोलीत आणखी कोणीतरी आहे.

मऊ आवाज. स्वच्छ, खालच्या पट्टीतला, सायीसारखा. कुठे खरखर नाही, कुठे कर्र नाही. मी पुन्हा बोललो, "हे काय आहे?" तोच माणूस बोलला. डॉक्टर हात चोळत होते. "वा! मिस्टर डॅगेट, ती गाठ तुमच्या घशात पंचवीस वर्षं तरी होती. हा तुमचा खरा आवाज."

"मला खोटा हवाय," मी म्हणालो. "ती गाठ बरणीत ठेवली असेल ना? माझी रोजीरोटी तिच्यात आहे. परत लावा."

त्यांना वाटलं मी विनोद करतोय. पण हसले मात्र नाहीत. या आवाजात विनोद लागतच नाही.

विनीचं सांगायचं तर ती ढसाढसा रडली. दवाखान्यातच. मला आधार द्यायला आली होती आणि मलाच तिला धरून खाली न्यावं लागलं. बिचारी, घराचे हप्ते तिच्या डोळ्यांपुढे आले असणार.

घरी येऊन सिडला फोन केला. "सिड, मी ऑर्विल."

"फेलिक्स, आज एक एप्रिल आहे हे मलाही ठाऊक आहे," सिड म्हणाला. "पण हे सोंग काही जमलं नाही बाबा. ऑर्विलसारखं अजिबात वाटत नाही. दे त्याला फोन."

शेवटी विनीने फोन घेतला आणि शपथेवर सांगितलं. सिडने मला तीनदा माझं नाव सांगायला लावलं.

५ एप्रिल

विनीचे डोळे दुखतायत म्हणे. वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगते. काल पूर्ण वाचलं, हवामानापासून मयतांपर्यंत. आज बियाण्यांचं सूचीपत्र वाचून घेतलं. "मुळा, लाल, लवकर येणारा. मुळा, पांढरा, उशिरा येणारा." मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे वाफा तरी आहे का?" म्हणाली, "वाच की. भोपळ्यांचं राहिलंय."

नंतर बघतो तर बाईने पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. दूरचं दिसत असेल आणि जवळचं दुखत असेल, किंवा उलट.

९ एप्रिल

काल मूर्खपणा केला. गारपिटीने आवाज गेला होता ना, मग ओरडून पुन्हा घालवता येईल असा हिशेब केला. सकाळीच डोंगराच्या घळीत गेलो, झुडपांसमोर उभा राहिलो आणि तासभर बोंबललो. "खोली नाही म्हणजे नाही!" एक ससा पळाला. दोन सिगार ओढले. घरी आलो तेव्हा घसा थोडा धरला होता, मला आशा वाटली.

विनीने तो धरलेला आवाज ऐकला आणि माझ्या हातातली टोपी हिसकावून घेतली. इतकं संतापलेलं मी तिला कंपनीचा तंबू जळाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"पुन्हा ओरडलास तर मी बहिणीकडे ओमाहाला जाईन."

"अगं पण काम नाही मिळणार मला!"

"मी पियानो शिकवीन. धुणी धुवीन. सिगार दे इकडे."

आज सकाळी आवाज पुन्हा सायीसारखा. डॉक्टर म्हणतात ती खरखर आता या जन्मात नाही.

१४ एप्रिल, बुधवार

स्टुडिओत तिन्ही प्रसंग उरकले. मी हॉटेलवाल्याचे कपडे घातले, भुवया नाचवल्या, ओठ हलवले. आवाज यंत्राने घेतलाच नाही. नंतर दुसरा माणूस भरणार.

दुसरा माणूस कोण ते वेगळं सांगायला नको. फेलिक्स स्वतः सांगायला आला, टोपी हातात घेऊन. "ऑर्विल, तू नको म्हणालास तर मी नाही करणार."

मी म्हटलं, "मूर्खा, तू नाही केलंस तर कोणी दुसरा करेल आणि वाईट करेल."

हे मोठ्या मनाने बोललो. मन मोठं नाहीये. मला फेलिक्सचा राग येतो. येत्या चित्रातली गुत्तेवाल्याची भूमिका माझी होती, तीही त्यालाच विचारलीय, सिडने सांगितलं. "बांधा उंच, वाळका आहे, पण आवाज तर तोच काढतो," असं स्टुडिओवाले म्हणाले म्हणे. आठ वर्षं मला वाटत होतं लोक माझ्यावर हसतायत.

२० एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

फेलिक्सने हट्ट धरला की आवाज भरताना मी तिथे हवाच. गेलो. अंधारी खोली, समोर पडदा, पडद्यावर मी ओठ हलवतोय. फेलिक्स यंत्रापुढे उभा. मागे खुर्च्यांवर दोनचार माणसं. त्यांत बार्तोश नावाचा हंगेरीहून आलेला दिग्दर्शक होता, काळ्या कोटात. फेलिक्सच्या ओळखीचा, सहज येऊन बसलोय म्हणाला.

आणि फेलिक्सला जमेना! जो माणूस रोस्ट खाता खाता माझा आवाज काढतो, तो आज कावळ्यासारखा ओरडत होता. एकदा, दोनदा, पाचदा. ध्वनीवाला वैतागला. मला त्याची इतकी दया आली की राग विसरलो. यंत्रापुढे उभं राहिलं की भल्याभल्यांची गाळण उडते.

फेलिक्स म्हणाला, "समोरच्या विधवेचं बोलणं कोणीतरी वाचल्याशिवाय मला सूर सापडत नाही. ऑर्विल, तू वाच."

मी कागद घेतला आणि वाचलं. "माझ्या नवऱ्याला आज पुरलं. मला फक्त एक रात्र झोपायचंय. कोपरा चालेल." काही अभिनय वगैरे केला नाही, नुसतं वाचलं. ध्वनीवाल्याने मान वर केली.

"पुन्हा," फेलिक्स म्हणाला. पुन्हा वाचलं. त्याचं पुन्हा बिघडलं. "जरा हळू वाच. आणि यंत्राच्या जवळ ये, मला ऐकू येत नाही." ऐकू येत नाही! हातभर अंतरावर होता. असं सात वेळा झालं. शेवटी त्याने मला त्याच्या जागी उभं केलं आणि म्हणाला, "तू शेरीफचं, विधवेचं, सगळ्यांचं वाचून दाखव, म्हणजे मला प्रसंग कळेल." मी सगळा प्रसंग वाचला. खोलीत कोणी खोकत नव्हतं. मला वाटलं कंटाळलेत.

मागून बार्तोशने विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"हाच पडद्यावरचा हॉटेलवाला," फेलिक्स चटकन म्हणाला.

"ते तोंड आणि हा आवाज एकाच माणसाचे?"

"दुर्दैवाने," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. म्हटलं ना, लागतच नाही.

काम अर्धवट राहिलं. बाहेर पडताना फेलिक्स घामाघूम, पण शीळ घालत होता. माणूस बिथरला की असं करतो. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. "उद्या जमेल. आवाज घशातून नको काढूस, नाकाच्या मुळाशी धर." त्याने गंभीरपणे मान डोलावली, म्हणाला, "नाकाच्या मुळाशी. लक्षात ठेवतो."

२२ एप्रिल

फेलिक्सने काल तिन्ही प्रसंग एका दमात केले म्हणे, वीस मिनिटांत. ध्वनीवाला सांगत होता, हुबेहूब डॅगेट. नाकाच्या मुळाची युक्ती कामी आली. शिकवायला घेतलं असतं तर मी बरा मास्तर झालो असतो.

२७ एप्रिल

बार्तोशने बोलावलं. त्याच्या कचेरीत कॉफी इतकी काळी की चमचा उभा राहील. म्हणाला, "मला एक औषधवाला हवाय. लहान गावातला. सगळ्यांचा लाडका. पोरांना गोळ्या वाटतो, म्हाताऱ्यांची नाडी बघतो. आणि त्याने तिघांना विष घातलंय."

मी म्हटलं, "मग त्याचा विनोदी पहारेकरी मी. कोणत्या दारावर?"

"नाही. औषधवाला तुम्ही."

मी खुर्चीवरून उठलो. त्याला समजावलं की मी आत शिरलो की लोक हसतात, लोकांना सवय झालीय, त्यांची चूक नाही. बार्तोश म्हणाला, "हसू देत. तुम्ही तोंड उघडेपर्यंत हसू देत."

स्टुडिओच्या बड्या साहेबांना, मिस्टर क्रेलना, हे वेड वाटतं. तरी बार्तोशने भांडून मला मिळवलंय. अट अशी की चित्र तयार झाल्यावर आधी एखाद्या लांबच्या थिएटरात लोकांना दाखवायचं. हसले तर माझे सगळे प्रसंग काढून दुसऱ्या नटाला घेऊन पुन्हा घ्यायचे. आणि मग मला कोण विचारणार? गुत्त्यावर फेलिक्स, औषधाच्या दुकानात दुसरा कोणी. मी ओमाहाला.

विनीला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "बोलणं खूप आहे का रे त्यात?"

"पानंच्या पानं."

"मग घे," ती म्हणाली आणि उठून गेली.

२ मे

विनीने पियानो उघडला. किती वर्षांनी, देव जाणे. त्यावर आम्ही फुलदाणी ठेवायचो. शिकवण्या धराव्या लागल्या तर सराव हवा म्हणून असेल. तंबूतलं एक जुनं गाणं वाजवत होती आणि मध्येच थांबली. वाटलं विसरली. मी वर्तमानपत्रामागून ती ओळ गुणगुणून दिली. ती पुढे वाजवू लागली, पुन्हा थांबली. पुन्हा दिली. बाईची स्मरणशक्ती अगदीच गेलीय. शेवटी सगळं गाणंच म्हणून दाखवावं लागलं.

११ मे

शूटिंग वाईट चाललंय. सवय जात नाही. दार उघडलं की भुवया आपोआप वर जातात, नाक खाजवतो, चष्मा पुसतो. आठ वर्षं त्यावरच जगलो.

आज बार्तोशने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि माझ्यासमोर खोकं ओढून बसला. "मिस्टर डॅगेट, तुम्ही लोकांना हसवायला धडपडताय. कोणाला?"

"कोणालाही. कॅमेऱ्याला. दिवेवाल्याला. ते हसले नाहीत तर मला कळत नाही मी इथे आहे की नाही."

त्याने खोकं आणखी जवळ ओढलं. "तुम्ही आहात," म्हणाला. "काही करू नका. हात खिशात घाला. त्या मुलीला फक्त सांगा की औषध कडू आहे, पण प्यायचं."

१३ मे

हात खिशात घातले. मुलीचं नाव लोर्ना, विशीतली, चांगली नटी आहे. ती आजारी, खाटेवर, मी पेला घेऊन उभा. म्हणालो, "थोडं कडू लागेल, बाळ. एका घोटात घे. मी इथेच बसतो." भुवया हलल्या नाहीत. मला फक्त तिला बरं वाटावं असं वाटत होतं, खरं सांगतो.

लोर्नाच्या हातातून पेला पडला. संवादांत ते नव्हतं. बार्तोशने कॅमेरा चालूच ठेवला. नंतर ती मला म्हणाली, "मिस्टर डॅगेट, तुम्ही फार चांगले आहात, पण जेवताना माझ्याशेजारी बसू नका हं."

घरी हे विनीला सांगितलं. मग मला कळेना की मी खूष आहे की दुखावलोय. तिने सांगितलं, खूष आहेस.

२९ मे

माझं काम संपलं. आता वाट बघायची. फेलिक्स गुत्तेवाला करतोय, रोज दुपारी फोन करून विचारतो, "हे वाक्य तू कसं म्हणाला असतास?" मी सांगतो. बिचाऱ्याला माझ्या आजारपणामुळे का होईना, दोन चांगली कामं मिळाली.

१७ जुलै, शनिवार

काल संध्याकाळी पासाडेनाला चित्र दाखवलं.

मी आणि विनी मधल्या रांगेत. मागे बार्तोश. मिस्टर क्रेल कडेच्या खुर्चीत, पाय आपटत. शेवटच्या रांगेत फेलिक्स, न बोलावता आलेला. लोकांना ठाऊक नव्हतं कोणतं चित्र लागणार ते. हाती शेंगदाणे, मांडीवर पोरं.

दहाव्या मिनिटाला दुकानाची घंटा वाजली आणि मी पडद्यावर आलो. पांढरा कोट, वाटोळं तोंड. सगळं थिएटर खुदकन हसलं. माझ्या पुढचा जाड माणूस बायकोला कोपर मारून म्हणाला, "हा बघ, हॉटेलवाला! आता मजा." मिस्टर क्रेलनी बार्तोशकडे वळून पाहिलं. विनीने माझा हात धरला नाही, सरळ बाहीच मुठीत पकडली.

मग मी बोललो. पडद्यावर. "सुप्रभात, मिसेस हार्लन. काल झोप लागली ना?" एवढंच.

हसू विझलं. एकदम नाही. पुढून मागे, रांगेरांगेने, वारा पडावा तसं. जाड माणसाचा शेंगदाण्यांचा हात तोंडापाशी थांबला. पुढचा तासभर त्याने तो हात खाली नेला की नाही, मी बघितलं नाही, कारण मीही पडद्याकडेच बघत होतो. तो औषधवाला मला माहीत नव्हता. मला त्याची भीती वाटली.

लोर्नाच्या हातून पेला पडला तेव्हा कोणीतरी बाई किंचाळली, "पिऊ नको गं!"

दिवे लागले. मी तोंड धुवायला गेलो. आत चौघं रांगेत उभे होते. माझ्याकडे पाहिलं आणि चौघंही मुकाट्याने भिंतीला सरकले. मी म्हटलं, "नाही, नाही, तुम्ही व्हा पुढे." त्या आवाजाने तर दोघं बाहेरच गेले.

बाहेर विनी जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिला ते सांगितलं आणि ती हसत सुटली, इतकी की टोपी घरंगळून खाली गेली. फेलिक्सने ती उचलून आणली. त्याचे डोळे लाल होते, म्हणाला धुराने. मी त्याला म्हटलं, "फेलिक्स, त्या दिवशी तुला जमलं असतं तर बार्तोशने मला ऐकलंच नसतं. तुझ्या नालायकपणाचे उपकार आहेत."

"माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट काम," फेलिक्स म्हणाला. "फार मेहनत घ्यावी लागली." विनीने उठून त्याच्या गालाचा मुका घेतला. काय कारण होतं कोण जाणे, सगळेच जरा भारावले होते.

मिस्टर क्रेल प्रेक्षकांनी आपापलं मत लिहिलेली कार्डं घेऊन आले. माझ्यापासून तीन पावलांवर थांबले. "डॅगेट, सोमवारी कचेरीत या. तीन वर्षांचा करार." मी "आभारी आहे" म्हटलं तर ते आणखी एक पाऊल मागे गेले.

आज आम्ही नऊपर्यंत झोपलो. खिडकीतून ऊन थेट अंथरुणावर आलं होतं. अंगातून काहीतरी जड उतरून गेल्यासारखं वाटत होतं, फेब्रुवारीपासून बसलं होतं ते. विनीला म्हटलं तू पडून राहा, आणि मी स्वतः कॉफी केली. तिला आवडते तशी, दूध जास्त. कप तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "गरम आहे, राणी. सावकाश घे. मी इथेच बसतो."

विनीने कपात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. कप माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आधी तू."

मी एक घोट घेतला. मग तिने घेतला.